येळवसला कंधारात

मार्गशीर्ष उतरणीला लागला की मामांचा फोन येतो. "येळवसला येऊलालीस का न्हाई?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढचं सांगून टाकतात, "चौदसीला माळेगावला ये. तिथून संगं जाऊ." मामांचं गाव कंधार तालुक्यात, मन्याडच्या खोऱ्यात. आमचं घर लातुरात. आईच्या लग्नापासून मधला रस्ता आमच्या घराला पाठ आहे. लातूर, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा, आणि लोह्याहून आत वळलं की कंधार. लहानपणी या रस्त्यावर खिडकीची जागा मिळावी म्हणून मी भावाशी भांडायचे. आता पन्नाशी ओलांडल्यावर हा रस्ता मला वेगळ्याच कारणानं हवासा वाटतो. त्याची दोन्ही टोकं एकाच राजघराण्याच्या बिरुदांत आहेत.

राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला लत्तलूरपुराचे अधिपती म्हणवतात. हे लत्तलूर म्हणजेच आजचं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. मूळ गाव सुटलं तरी नाव सोडायचं नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. आडनावाला 'कर' लावून माणसं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या गावी राहतात, तसंच राजांचंही होतं. राष्ट्रकूटांचंच नाव सांगणारे सौंदत्तीचे रट्ट राज्य करत होते बेळगावच्या बाजूला, आणि बिरुद मिरवत होते आपल्या लातूरचं. पुढच्या काळातल्या लेखांत राष्ट्रकूट कुळाच्या नावाला आणखी एक गाव चिकटलेलं दिसतं, 'कंधारपुरवराधीश्वर'. ते हे कंधार. अफगाणिस्तानातल्या कंदाहारशी घोटाळा होऊ नये म्हणून उर्दू-फारसीत लिहिणारे त्याला 'कंधार दकन' म्हणत आले. नावाच्या मुळाशी कृष्णाचं प्राकृत रूप आहे, असं अभ्यासक सांगतात. कन्हर, कन्नर, कंधार अशी ती साखळी. राष्ट्रकूटांत कृष्ण नावाचे तीन राजे झाले, त्यामुळे हे पटण्याजोगं आहे.

शाळेत आम्हाला राष्ट्रकूट दोन ओळींत उरकले होते. वेरूळचं कैलास लेणं कोणी खोदलं, तर पहिल्या कृष्णानं. झालं. दंतिदुर्गानं इ. स. ७५३ च्या सुमारास चालुक्यांना बाजूला सारलं, तेव्हापासून ९७३ पर्यंत सुमारे दोनशेवीस वर्षं हे घराणं दख्खनवर राज्य करत होतं. नवव्या शतकातल्या सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांची गणती आहे. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि चौथा 'बल्हरा'. बल्हरा म्हणजे वल्लभराज, आपला राष्ट्रकूट. हे मी फार उशिरा वाचलं आणि वाचल्या रात्री मला झोप आली नाही. बगदाद आणि चीनच्या पंगतीत बसणाऱ्या राजांच्या नावात माझं माहेर होतं आणि आजोळही होतं, आणि आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तर माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथल्या खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. दक्षिणेकडच्या मोठ्या पशुबाजारांत तिची गणना आहे. घोडे, गाढवं, उंट, बैल, म्हशी, कोंबड्या, कुत्री, सगळं एकाच माळावर. एका बाजूला वाघ्या-मुरळीची दिमडी वाजत असते, दुसऱ्या बाजूला कुस्तीचा फड, तिसरीकडे जिल्हा परिषदेचं पशुप्रदर्शन. भंडाऱ्यानं माणसांची कपाळं, जनावरांच्या पाठी आणि रस्त्यावरची धूळ सारखीच पिवळी झालेली. मामा या गर्दीतून सरळ बैलबाजारात जातात. गेली दोन वर्षं त्यांच्याकडे एकच बैल होता, जोडीदार गेलेला. यंदा त्यांना त्याचा भाऊ हवा होता, आणि तो लाल कंधारीच हवा होता.

लाल कंधारी पाहिला नसेल त्यानं एकदा जवळून पाहावा. वीटभट्टीतून काढलेली पक्की वीट ओली केल्यावर जो रंग येतो, तो रंग. काहींचा आणखी गडद, जांभळटाकडे झुकणारा. कपाळ रुंद, कान लांब आणि झुकते, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. अंगानं मध्यम, पण उन्हाला आणि दुष्काळाला काटक. कडबा कमी पडला तरी हा पाय रोवून उभा राहतो. नांदेड जिल्ह्यातला कंधार-मुखेडचा भाग आणि लातूरकडचा अहमदपूरचा पट्टा हे त्याचं घर. या वाणाला चौथ्या शतकात सोमदेवराय नावाच्या राजानं आश्रय दिला, असं परंपरा सांगते. राजाचा पुरावा मला ठाऊक नाही, वाणाचा मात्र डोळ्यांसमोर उभा असतो. शेजारी लातूर जिल्ह्यात देवणीची जात आहे, काळ्या-पांढऱ्या अंगाची, तिच्यातही वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन रंगभेद. एका दिवसाच्या वाटेत दोन गोवंश, दोन्ही गावांच्या नावानं ओळखले जाणारे. अशी श्रीमंती सगळ्याच मुलखांना नसते.

मामांनी एक बैल हेरला. चार दाती होता. त्यांनी त्याचा ओठ वर करून दात पाहिले, खुरांवर हात फिरवला, वशिंड दाबून पाहिलं, मागे उभं राहून चाल बघितली. मग मालकानं खांद्यावरचा शेला सोडला. दोघांचे हात शेल्याखाली गेले आणि बोटांनी बोली सुरू झाली. तोंडानं दोघंही पाऊसपाण्याचं बोलत होते. आत बोटं धरायची, सोडायची, दाबायची. किती बोटं म्हणजे किती हजार, हे त्यांचं त्यांना. बाजूला उभ्या असलेल्या मला फक्त शेल्याची हालचाल दिसत होती. एकदा मामांनी हात बाहेर काढला, दोन पावलं चालून आले, परत गेले. शेवटी मालकानं बैलाच्या कपाळाला भंडारा लावला आणि कासरा मामांच्या हातात दिला. "नाव काय हो याचं?" मी विचारलं. मालक म्हणाला, "नाव आता तुमी ठिवायचं, ताई. दावं बदललं की नाव बदलतं."

बैल छोट्या टेम्पोत चढला, आम्ही मागून एसटीनं. लोह्याहून कंधारकडे वळलं की रस्ता चढउताराचा होतो. बालाघाटाच्या फाट्यांमधली ही जमीन, वर मुरमाड आणि खाली ओढ्याकाठी काळी. हरभरा घाटे धरत होता, ज्वारी पोटऱ्यात होती, करडईला अजून फुलायला अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी येळवस. वेळ अमावस्या म्हणा, पण लातूर-नांदेडकडे तोंडात येळवसच येतं. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप घातली होती. तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. ते पांडव. मामी डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेऊन पुढे, आम्ही पाट्या-टोपल्या घेऊन मागे. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक, आदल्या दिवशी केलेलं, किंचित आंबलेलं, लसणाचा वास असलेलं. त्याच्या जोडीला भज्जी. भज्जीत काय नसतं! तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा, गाजर, बोरं, चिंच, सगळं बेसनात आणि ताकात शिजलेलं. बाजरीचे उंडे, खिचडा, तिळाची पोळी. पूजा झाली की घरधनी शेतभर आंबील शिंपडत फेरी मारतो. जेवायला ओळखीचाच माणूस लागतो असं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. त्या दिवशी लातूर शहरातही दुकानं बंद असतात आणि माणसं शेतात.

पांडव इथे फक्त कोपीत नाहीत. कंधारची जुनी माणसं गावाला पांचालपुरी म्हणतात, द्रौपदीचं लग्न इथे लागलं असं सांगतात आणि जवळच्या एका दरीला पांडवदरा म्हणतात. इतिहासाच्या कसोटीवर हे उतरणार नाही. पण गाव आपल्याला कुठे बसवून घेतं, हे अशा कथांतून कळतं. कंधारनं स्वतःला महाभारताच्या मांडवात बसवलं आहे, अरबी वृत्तांतात ते अप्रत्यक्षपणे बसलेलं आहे, आणि मोगल दरबाराच्या कागदांत तर ते ठळक अक्षरांत आहे.

तिसऱ्या दिवशी मामांची नात आणि मी किल्ल्यात गेलो. पोर सहावीत आहे, शिवाजी महाराजांचे किल्ले तिला तोंडपाठ. पण घरापासून इतक्या जवळचा किल्ला तिनं बाहेरूनच पाहिला होता. "याच्यात कुणी ऱ्हायचं?" तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंत सगळेच राहून गेले.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नाही, म्हणून सगळी भिस्त खंदकावर आणि तटावर. बाहेरून बघताना आधी दिसतो तो रुंद खंदक, मग बाहेरचा तट, मग आतला. दोन तटांच्या मधल्या वाटेनं चालताना आपण दोन दगडी ओठांच्या मधून चाललो आहोत असं वाटतं. दरवाजे एकामागे एक, आणि प्रत्येक दरवाजाशी वाट वळते. हत्तीला किंवा ओंडक्याला पळत येऊन धडक मारायला सरळ जागाच ठेवलेली नाही. बुरुजांत ठिकठिकाणी जुन्या देवळांचे दगड बसवलेले दिसतात. कुठे खांबाचा तुकडा, कुठे नक्षीची पट्टी, आडवी किंवा उलटी लावलेली. आतल्या लाल महालाच्या कमानी अजून उभ्या आहेत. ऊन तिरपं झालं की त्या विटकरी दगड-चुन्यावर जो रंग चढतो, तो पाहून पोर म्हणाली, "आपल्या नव्या बैलासारखा." मला हे सुचलं नव्हतं.

किल्ल्याचा आजचा बांधीव देह बराचसा सुलतानी काळातला आहे. दिल्लीच्या तुघलकांनी दख्खन घेतल्यावर हे ठाणं त्यांच्याकडे आलं, मग बहमनी राज्यात गेलं, आणि ते राज्य फुटल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीकडे. मलिक अंबरच्या काळात निजामशाहीच्या पूर्वेकडचा हा मोठा अडसर होता. म्हणूनच शहाजहाननं दख्खनवर फौजा सोडल्या तेव्हा त्याच्या नासिरीखान या सरदाराला कंधार घेण्याचं काम मिळालं. १६३१ सालची ही गोष्ट. नासिरीखानानं वेढा घातला, मोर्चे पुढे सरकवत आणले, तटाखाली सुरुंग खणले. मदतीला आलेल्या दख्खनी फौजा मागे हटल्या. उन्हाळ्यात किल्ला पडला.

त्या वेढ्याबद्दल वाचताना माझं मन लढाईवर थांबत नाही. सालाकडे जातं. १६३० ते १६३२ ही दख्खनच्या भयंकर दुष्काळाची वर्षं. याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. पाऊस नाही, दाणा नाही, आणि कंधारभोवती एक अख्खी फौज महिनोन्‌महिने तळ देऊन बसलेली. किल्ल्यातल्या शिबंदीची मोजदाद बखरकार करतात. आसपासच्या पंचवीस-तीस खेड्यांतल्या गोठ्यांचं त्या उन्हाळ्यात काय झालं असेल, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. लाल कंधारी काटक का, असं कोणी मला विचारलं, तर मी अशा सालांकडे बोट दाखवीन. त्यांतून जी जनावरं तगली, त्यांचे हे वंशज.

पुढे १६३६ मध्ये अठराव्या वर्षात असलेल्या औरंगजेबाला दख्खनचा सुभेदार नेमलं, तेव्हा त्याच्या हवाली चार सुभे केले. दौलताबाद, खानदेश, वऱ्हाड आणि तेलंगण. दरबारी इतिहासात या तेलंगण सुभ्याचं ठाणं म्हणून नांदेडचं नाव येतं आणि त्याचा किल्ला म्हणून कंधारचं. म्हणजे आज जिल्ह्याच्या बाहेर विचारलं तर माणसं 'कुठे आलं हे?' म्हणतात, ते गाव एका मोगल सुभ्याचा कणा होतं. अठराव्या शतकात हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तिकडेच राहिला.

किल्ल्यात सांभाळून ठेवलेल्या मूर्तींपाशी आम्ही बराच वेळ बसलो. राष्ट्रकूटकालीन कंधारात शैव होते आणि जैनही होते, ते इथल्या दगडांत कळतं. आणि याच गावाच्या शेजारी, मानसपुरीच्या शिवारात, एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले. क्षेत्रपालाची मूर्ती. क्षेत्रपाल म्हणजे शिवेचा, शेताचा, गावाचा राखणदार. त्याचं पाऊल, बोटं, अवयवांचे भाग असे सुटे सुटे मिळाले, आणि त्यांच्या मापावरून अख्खी मूर्ती पन्नास फुटांच्या वर असावी असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. मी त्या दगडी बोटांकडे पाहिलं. नखं नीट कोरलेली आहेत. नखाच्या मुळाशी जी बारीक वळी असते, तीसुद्धा. एवढ्या उंच मूर्तीच्या पायाच्या नखाकडे कोण बघणार होतं? पण कारागिरानं ते केलं, कारण माणूस पाया पडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तेवढंच येतं. बाकीचा देव त्याच्या डोक्यावर, आभाळात.

पोरीनं विचारलं, "मग वरचा भाग कुठं गेला?" मी म्हटलं, काही मातीत असेल, काही तटात. ती उठून बुरुजापर्यंत गेली आणि एकेक दगड निरखू लागली. मला वाटतं, कंधारला सगळ्यात जास्त गरज याचीच आहे. प्रत्येक तुकड्यापाशी मराठीत चार ओळींची पाटी, उघड्यावरच्या मूर्तींवर छप्पर, आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेची वर्षातून एक सहल इथे. वेरूळला मुलं जरूर न्यावीत. पण आपल्या शिवारातला क्षेत्रपाल आधी दाखवावा.

कंधारचा सर्वांत बोलका दगड एक लेख आहे. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, संस्कृतात. तिसरा कृष्ण ९३९ मध्ये गादीवर आला आणि त्यानं ९६७ पर्यंत राज्य केलं. यानंच ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं, पार तमिळ देशात जाऊन. ९५९ मध्ये सोमदेवसूरींनी आपला 'यशस्तिलक' हा संस्कृत ग्रंथ पुरा केला, तेव्हा हा राजा दक्षिणेत मेलपाटीला तळ देऊन होता, असं त्या ग्रंथातच नोंदलेलं आहे. असा सदा मोहिमेवर असलेला राजा, आणि कंधारच्या लेखात मात्र तलवारीचा खणखणाट मागे पडतो. त्यात गावातल्या देवळांची नावं येतात, दानधर्मासाठी लावून दिलेल्या व्यवस्था येतात, आणि एका तलावाचं नाव येतं, जगत्तुंग समुद्र.

जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचं बिरुद. जगात उंच, असा त्याचा अर्थ. तिसऱ्या गोविंदाला ते होतं, तो इ. स. ७९३ ते ८१४ या काळातला, आणि पुढे घराण्यात आणखीही कोणी ते घेतलं. मराठवाड्यात पाण्याला 'समुद्र' म्हणावं, यातच सगळं आलं. इथे पाणी म्हणजे देव. ज्यानं बांध घालून पाऊस अडवला त्यानं समुद्र निर्माण केला, असंच लोकांना वाटलं असणार. राष्ट्रकूट गेले. ९७२ मध्ये माळव्याच्या सीयक परमारानं त्यांची राजधानी मान्यखेट लुटली, पुढच्याच वर्षी तैलप चालुक्यानं राज्य घेतलं. मान्यखेटचे राजवाडे कुठे होते हे आज शोधावं लागतं. कंधारचा तलाव मात्र शोधावा लागत नाही. बस गावात शिरण्याआधीच तो दिसतो, आणि त्याचं नावही तेच आहे.

किल्ल्यातून निघून आम्ही हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात गेलो. रिफाई परंपरेतले हे सूफी, चौदाव्या शतकातले. त्यांच्या उरुसाला गावातली हिंदू घरंही नवस फेडायला येतात. आमच्या मामीनं पोरीच्या वेळी इथेच नवस बोलला होता, म्हणून पोर आत शिरताना सराईतपणे डोक्यावर ओढणी घेते. विद्येचीही या गावाला जुनी परंपरा आहे. शाह रफिउद्दीन कंधारी हे नामवंत आलिम इथले. हैदराबादेत जामिया निजामिया स्थापन करणारे मौलाना अन्वारुल्लाह फारुकी यांचं घराणंही कंधारच्या काजींचं. ते निजामाचे गुरू होते. राजाला आपलं नाव देणाऱ्या गावानं पुढे राजाला शिकवणारा माणूसही दिला.

आणि अगदी आपल्या काळात, भाई केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, कंधारचे आमदार, १९७७ मध्ये नांदेडचे खासदार. १९२२ ला जन्मले आणि शंभरी पार करून १ जानेवारी २०२३ ला गेले. मन्याडचा वाघ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. त्यांची भाषणं मामांनी पारावर, बाजारात, सभेत, जिथे मिळतील तिथे ऐकली आहेत, आणि अजून त्यांची नक्कल करताना मामांची मान आपोआप ताठ होते. त्यांनी शाळा काढल्या, मुलांना मोफत शिकवलं. पण मला त्यांची सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गुराखी साहित्य संमेलन. ढोरं वळणाऱ्या पोरांना साहित्य असतं, त्यांचं गाणं, त्यांची हाळी, त्यांच्या गोष्टी हे सगळं साहित्य आहे, असं मानून त्यांच्यासाठी व्यासपीठ उभं करायला छाती लागते. मामा लहानपणी गुराखी होते. "आमचं बी कुणी ऐकतं, हे त्या भाईनं दावलं," असं ते म्हणतात आणि गप्प होतात.

परतताना संध्याकाळ झाली होती. मामा तलावाच्या काठी आमची वाट बघत होते. नवा बैल त्यांच्यासोबत होता, आणि जुनाही. दोघांची ओळख पाडायला त्यांनी सकाळपासून त्यांना एका कासऱ्यात फिरवलं होतं. बैल पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत. जुन्यानं लगेच तोंड लावलं. नव्यानं आधी वास घेतला, मान वर करून तलावावर नजर फिरवली, मग प्यायला लागला. पाण्यावर त्याचा रंग उतरला होता आणि दर घोटासरशी हलत होता.

"आजोबा, याचं नाव ठिवलं का?" पोरीनं विचारलं.

"न्हाई बाई. तूच सांग."

ती क्षणभरही थांबली नाही. "जगत्तुंग."

"काय?"

"जगत्तुंग. या तळ्याचं नाव हाय. लई मोठ्या राजाचं नाव हाय. आत्यानं सांगितलंय."

मामांनी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग पाण्यात उतरले, बैलाच्या वशिंडावर थाप मारली आणि कासरा ओढत म्हणाले, "चल रं जगत्या. अंधार पडूलालाय."